काच वाढली

मोटारीवर काम केलेल्या माणसाला ‘एखादा किस्सा सांगा’ असं म्हणू नये. एक सांगायला घेतला की पाठोपाठ आणखी चार चढतात, जागा असो वा नसो. ज्यानं सांगायला लावलं तो बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसतो. तरी तुम्ही विचारलंतच, तर ऐका. लढाईच्या आधी भोरहून वेल्ह्याला जी मोटार जायची, तिच्या मागच्या काचेचं काय झालं, हे भोरात प्रत्येक जण वेगळं सांगतो. खुशाल सांगू देत. मी त्या मोटारीवर कंडक्टर होतो. काच गेली तेव्हा तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, आणि खरं सांगायचं तर चूकही माझीच होती.

मोटार अण्णांची. अण्णांचा घरचा धंदा कासाराचा. तीस वर्षं भोरच्या बाजारपेठेत त्यांनी बायकांना बांगड्या भरल्या. मनगट नुसतं हातात धरलं की माप सांगायचे. भरून झालं की बाई नमस्काराला वाकायची आणि हे डोळे मिटून आशीर्वाद द्यायचे. मग एका वर्षी काय डोक्यात आलं कोण जाणे, पुण्यातल्या कुणा साहेबाची जुनी मोटार घेतली, तिच्यावर लाकडी बॉडी चढवली आणि वेल्ह्याची सर्व्हिस सुरू केली. धंदा बदलला, पण जीभ कासाराचीच राहिली. कासार बांगडी ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतो. अण्णांनी तोच कायदा मोटारीला लावला. फुटलं, संपलं, मेलं, गेलं, बंद पडलं असलं अभद्र काही गाडीत बोलायचं नाही. सगळ्याला एकच शब्द, वाढलं. बांगड्यांचं दुकान बंद केलं तेसुद्धा ‘दुकान वाढवलं’ असंच सांगायचे. नवीन बदलून आलेले पोस्टमास्तर सहा महिने ते वाढवलेलं दुकान कुठं आहे ते शोधत होते.

*

ड्रायव्हर गणपा, वरवे बुद्रुकचा. माणूस सोन्यासारखा, पण अण्णांनी एक गोष्ट सांगितली की ती तशीच्या तशी धरायचा. उजवं-डावं करायचा नाही.

एकदा नसरापूरच्या पुढं गाडी खोकली आणि उभी राहिली. पुढच्या सीटवर भोरचे एक वकील होते. वेल्ह्यात कुणाची तरी वाटणी करायला निघाले होते, त्यामुळे भयंकर घाईत. त्यांनी विचारलं, काय झालं?

गणपा म्हणाला, "पेट्रोल वाढलंय."

"वाढलंय ना? मग चला की!"

"वाढलंय म्हनून तर हुबं हाय."

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी अण्णांची मीठभाकर खाणारा माणूस, मी मान हलवली. मग ते खाली उतरून दगडावर जाऊन बसले. मी चालत नसरापुरात जाऊन डबा घेऊन येईपर्यंत, दोन तास ते गणपाकडं बघत होते. पुढं त्यांनी वेल्ह्याला बैलगाडीनंच जायचं ठरवलं.

*

आता काच. मार्गासनीला एक शेतकरी हात करून उभा. खांद्यावर नांगर. मोटारीत नांगर घ्यायचा नाही, टपावर टाकायचा, हा नियम. पण त्यानं पाटीभर करवंदं माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, बसा मागच्या सीटवर, नांगर धरा मांडीवर. आता कुणी म्हणेल करवंदांसाठी? तर हो, करवंदांसाठी. तुम्ही मार्गासनीची करवंदं खाल्ली नसतील.

गणपाचं गाडी सुरू करणं म्हणजे आधी सगळे पाठीवर, मग सगळे पोटावर. त्यानं क्लच सोडला, आणि नांगराचं लांब लाकूड मागची काच फोडून वीतभर बाहेर गेलं. काचेचा असा चुरा झाला की चिमटीत धरायला तुकडा राहिला नाही. सगळे चौकटीकडं वळून बघायला लागले. शेतकरी तेवढा नांगर आत ओढून, त्यावरून हात फिरवत म्हणाला, "न्हाई, नांगराला कायबी झालं न्हाई. चला तुमी."

भोरला आल्यावर अण्णांना सांगायचं कुणी? गणपा पुढं झाला. "अण्णा, मागची काच लई वाढली."

अण्णा मागं गेले. रिकाम्या चौकटीत हात घालून कडा चाचपल्या आणि तसेच फुटबोर्डावर बसले. कारण पंधरा दिवसांवर मोटारीची तपासणी आली होती. एकही काच कमी असली तर गाडी पास होत नव्हती, आणि गाडी पास झाली नाही तर वेल्ह्याचा रस्ता घ्यायला पुण्याचा एक मोटारवाला टपूनच बसला होता. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. ती करवंदं मला गेली नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला कार्ड लिहायला बसवलं. पुण्याच्या काचवाल्या शेठना. मी लिहिलं, ‘मोटारीची मागील काच फुटली’. अण्णांनी कार्ड फाडलं. नव्या कार्डावर लिहिलं, ‘मोटारीची मागील काच वाढली आहे, तरी त्वरित बंदोबस्त व्हावा.’

चार दिवसांनी पुण्याच्या सर्व्हिसनं एक माणूस उतरला. हातात पिशवी, पिशवीत काच कापायचं हत्यार. मला विचारतो, "किती वाढलीय?"

मी म्हटलं, पूर्ण.

त्यानं मागं जाऊन चौकटीतून हात आत घातला, बाहेर काढला, परत आत घातला. मग खुलासा झाला. शेठ म्हणाले होते, भोरकडची हवा, लाकूड आक्रसलं असेल, काच मापाबाहेर गेली असेल, जा आणि कडेनं कापून दे. तो तिथंच डोक्याला हात लावून बसला. अण्णा त्याला जेवायला घरी घेऊन गेले. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, भाताचं भांडं पुढं करून विचारलं, "वाढू का?"

तो ताटावर हात आडवा धरून म्हणाला, "नको बाई. तुमच्याकडं जे वाढतं ते नाहीसं होतं."

*

नवी काच येईपर्यंत चौकट उघडी ठेवावी तर वेल्ह्याची सगळी धूळ आत. मागच्या सीटवर काळा माणूस बसला तर भोरला गोरा उतरायचा. अण्णांना एक युक्ती सुचली. घरात सासऱ्यांचा मोठा फोटो होता, फेटा, झुपकेदार मिशा, जाड फ्रेम, काच. काच काढून बसवून पाहिली तर चार बोटं आखूड. पण फ्रेमसकट फोटो मात्र चौकटीत असा बसला की जणू तिथलाच. तोंड बाहेर करून, दोरीनं आवळून टाकला. सासरे रस्त्याकडं डोळे वटारून बघत निघाले.

आता गणपाला वाटलं, नुसता फोटो बरा दिसत नाही. त्यानं मोटारीचा झेंडूचा हार त्याला घातला.

सासरे राहणारे नसरापूरचे, आणि चांगले ठणठणीत. दुपारी ओसरीवर भाकरी खात बसले होते. एकेक माणूस येऊन खाली मान घालून बसायला लागला. आधी त्यांना वाटलं, आपल्याला भेटायला आलेत. मग एक म्हातारी त्यांनाच बघून किंचाळली, तेव्हा उलगडा झाला.

परतीच्या फेरीला सासरे रस्त्याच्या मधोमध उभे! अण्णा गाडीतच होते. सासऱ्यांनी मागं जाऊन आपला फोटो बराच वेळ न्याहाळला, हार सारखा केला, आणि म्हणाले, "जावईबापू, हे मला आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं."

अण्णांनी कपाळावर हात मारला. ज्या माणसानं कधी ‘संपलं’ म्हटलं नाही, त्यानं जिवंत सासरा हार घालून गावोगाव फिरवला. त्यांनी गणपाला विचारलं, ही आवई उठवली कुणी?

गणपा म्हणाला, "म्या न्हाई उठवली. स्टँडावर लोकं इचारत हुते, म्हातारा गेला का. म्या म्हनलो, गेला म्हनू न्हाई, वाढला म्हना."

काकू त्या आठवड्यात अण्णांशी बोलल्या नाहीत. भातसुद्धा न विचारता वाढायच्या.

*

शेवटी अण्णा स्वतःच पुण्याला निघाले. मला बरोबर घेतलं. गणपा टेप घेऊन माप काढायला धावला, तर अण्णांनी त्याला हातानंच थांबवलं. चौकटीवर चारी बाजूंनी बोटं फिरवली, डोळे मिटले, म्हणाले, आलं ध्यानात. पुण्यात शेठच्या दुकानात तीच बोटं हवेत धरली आणि काच कापून घेतली. मी मनात म्हटलं, ही बसली तर मी मिशी उतरवीन. ती बसली, हे आत्ताच सांगतो. केसाचीही फट राहिली नाही. मिशीचं विचारू नका.

येताना काच काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर उभी धरून अण्णा बसले. कात्रजच्या घाटात दर वळणाला तिला दोन्ही हातांनी कवटाळायचे. शिवऱ्याला एक ओळखीचे गृहस्थ चढले. लुगडं बघितलं, अण्णांचा चेहरा बघितला, आणि हळूच मला विचारलं, "वहिनींना फारच अशक्तपणा आलाय का हो?"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. चेलाडीच्या पुढं अचानक मला म्हणाले, "सोमवारी पास नाही झाली तर मी संपलो रे. परत त्या पेठेत बांगड्या भरायला कुठल्या तोंडानं बसू?"

संपलो म्हणाले. अण्णा. मला इतकं कसंतरी झालं की भोर येईपर्यंत मीही एका बाजूनं ती काच धरून बसलो.

*

सोमवारी तपासणीचे साहेब आले. धिप्पाड माणूस, भरघोस मिशा, कडक टोपी, बोलणं मोजकं. मागं एक कारकून वही घेऊन. निम्मं भोर स्टँडवर जमलेलं. ब्रेक पाहिले, हॉर्न पाहिला, दिवे पाहिले. कारकून लिहीत होता. अण्णा हात जोडून मागंमागं फिरत होते.

साहेब मागच्या काचेशी आले. म्हणाले, ही बसवलेली आहे की नुसती टेकवलेली? आणि पाहायला म्हणून त्यांनी तळहातानं जोरात दाब दिला.

कट्कन आवाज झाला. साहेबांचा हात मनगटापर्यंत आत. भोवती काचेचे सुळे, सगळे मनगटाकडं तोंड करून. हात जरा हलवला तर शीर गेलीच. साहेब पांढरेफटक पडले. "कुणी हलू नका," एवढंच म्हणाले, खरं तर न हलायचं काम त्यांचंच होतं. गणपा हातोडी घेऊन आला, त्याला चौघांनी धरलं.

मी अण्णांकडं पाहिलं. मला वाटलं, हे आता खाली कोसळणार. पण अण्णा गाडीत चढले. मागच्या सीटवर मांडी घालून बसले. आत आलेला साहेबांचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला, आणि तीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात म्हणाले, "घाबरायचं नाही. हात सैल सोडा."

साहेबांनी सोडला.

अण्णांनी अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची पेरं एकावर एक दाबत आणली. साहेबांचं लक्ष मनगटाकडं जाऊ नये म्हणून बोलायला लागले.

"माहेर कुठलं?"

"सासवड," साहेब म्हणाले.

"येणंजाणं आहे का?"

"दिवाळीला जातो."

"जावं. आईबापांना बरं वाटतं," अण्णा म्हणाले, आणि त्या बोलण्यातच त्यांनी एक हलका पीळ देऊन तो एवढा पंजा त्या एवढ्याशा भोकातून बाहेर सरकवला. ओरखडासुद्धा नाही.

साहेब स्वतःचा हात उलटसुलट करून बघत राहिले. अण्णा खाली उतरून समोर उभे राहिले. त्यांच्या तोंडावर रक्त नव्हतं. कारकुनानं हळूच विचारलं, साहेब, मागच्या काचेचं काय लिहू?

साहेबांनी चौकटीकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले, "हात लावून पाहिली. पास."

मग त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि सगळ्या भोरासमोर अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांचे डोळे मिटलेले. त्यांनी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"अखंड सौभाग्यवती भव."