तोरणाचा खिळा

घरात दोन गाड्या, दोन्ही बॅटरीवरच्या. एक मुलाची, एक सुनेची. मला एकही चालवता येत नाही, पण खाली पार्किंगमध्ये त्यांचे चार्जर बसवून घ्यायचं काम माझ्या गळ्यात. "बाबा, तुम्ही घरीच असता ना," मुलगा म्हणाला. रिटायर झालेला माणूस म्हणजे घरातला फुकटचा शिपाई, दुसरं काय!

मुलुंडच्या आमच्या सोसायटीची परवानगी काढण्यात पाच महिने गेले. सेक्रेटरी म्हणायचे, "कमिटीपुढे ठेवतो." कमिटी म्हणायची, आग लागली तर जबाबदार कोण? हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला. शेवटी हो म्हणाले, पण एका अटीवर. वायरीचा पाईप भिंतीवर दिसता कामा नये, आतून घ्यायचा.

वायरमन आमचा जुनाच, नाहूरचा. बिल्डिंगमधले पंखे-गीझर वीस वर्षं तोच बघायचा. "काका, दोन गाड्यांना मीटरपासून दोन वेगळ्या लाइनी टाकू. एकीवर दोन्ही लावल्या तर वाट लागेल," म्हणाला. त्याचे गुडघे गेलेत, शिडी चढवत नाही. आमचं बघून आणखी सहा घरांनी चार्जरचं विचारलं होतं. सगळं काम जमिनीवर उभं राहून करण्यासारखं. "तेवढं मिळालं ना काका, तर ह्या वर्षी कुठे चढायला नको," असं तो दोनदा तरी बोलला.

भिंत खोदून त्याने पाईप आत घातला आणि वरून प्लास्टर केलं. जाताना दोन्ही चार्जरच्या वर पेन्सिलने सरळ रेघ मारली. "ह्या रेघेखाली लाइन आहे. इथे काही ठोकू नका." मी मान हलवली. आठवड्याने रंगारी आला आणि रेघ रंगाखाली गेली.

दसऱ्याला गाड्यांना हार घातले. बायकोचं माहेर मालवणचं, सणावाराला ती तिकडचंच बोलते. "चार्जरांकय तोरण व्हया मा?" म्हणाली. व्हया तर व्हया. मेन स्विच बंद करून मी हातोडी घेतली आणि प्रत्येक चार्जरच्या वर एकेक खिळा ठोकला. रेघ आठवलीच नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे आठवली होती. म्हटलं, एवढासा खिळा, काय होतंय.

दोन दिवसांनी सुनेची गाडी चार्जिंगला लावली की स्विच पडायला लागला. मुलगा तो पुन्हा पुन्हा वर करायचा. मग एका सकाळी तिच्या चार्जरच्या वरून भिंतीतून धूर आला. मी धावत जाऊन मेन बंद केला, तोरणं ओढून काढली आणि खिळे उपटून खिशात टाकले. असं का केलं, मला आजही नीट सांगता येत नाही. घाबरलो होतो, एवढं खरं. बायकोने ते वरून गॅलरीतून बघितलं. मी वर बघताच ती आत गेली.

वायरमनला बोलावलं. काळ्या पडलेल्या प्लास्टरवरून त्याने बोट फिरवलं आणि ते भोकावर थांबलं. "काका, इथे काही ठोकलं होतं का?" शेजारी सेक्रेटरी उभे, कमिटीची आणखी दोन माणसं उभी.

"नाही रे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि गेला. त्याला परत गेटच्या आत घ्यायचं नाही, असं सेक्रेटरींनी तिथल्या तिथे वॉचमनला सांगितलं.

दिवाळीत मला फराळ गोड लागला नाही. भाऊबीज उलटल्यावर सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, खिळा मी ठोकला होता, त्याची काही चूक नाही. ते हसले. "अहो, तुमचा स्वभाव माहीत आहे आम्हाला. गरिबाला सांभाळून घेताय." मुलगाही तेच म्हणाला, "बाबा, तोरणाच्या एवढ्याशा खिळ्याने काय होतंय? उगाच कशाला अंगावर ओढून घेताय?" इतकी वर्षं सज्जन म्हणून मिरवलो, ते असं अंगाशी आलं. शेवटी कमिटीला लेखी दिलं.

पुढच्या मीटिंगमध्ये ते पत्र वाचून दाखवलं आणि माझ्या मोठ्या मनाला टाळ्या पडल्या. उभं राहून पुन्हा सगळं सांगायला हवं होतं. पण कंबर दुखत होती, दोन तास बसून डोकं सुन्न झालं होतं, आणि खरं सांगतो, पुन्हा तेच तेच बोलायचा मला कंटाळा आला होता. पुढचा विषय त्या सहा घरांच्या चार्जरचा निघाला. काम एका नव्या कंपनीला द्यायचं ठरलं. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही केला.