दोन्ही हातांनी

आखातात, रुवीतल्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात तो काउंटरवर असे. रत्नागिरीकडचा, आणि चिनी मारामारीच्या सिनेमांचा वेडा. त्यातला शिष्य गुरूला तलवार देतो तशी, किंचित वाकून, दोन्ही हातांनी तो गिऱ्हाइकाला कॅसेट द्यायचा. "साहेब, मारामारी कोण पण करतो. हीरो दुसऱ्यासाठी मार कसा खातो, ते बघा," असं वर बजावायचा. मी हसायचो.

एका संध्याकाळी मी तिथे असताना दुकानाचा अर्बाब, म्हणजे मालक, आला. नवी कॅसेट सापडेना, म्हणून झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्यावर चोरीचा आळ घेऊन ओरडू लागला, "खलास, कल से मत आना!"

काउंटरवरचा हा मध्ये उभा राहिला. "अर्बाब, इसका कसूर नहीं. मेरे हाथ से गुम हुई." मग मान खाली घालून त्याने सगळ्या शिव्या ऐकून घेतल्या.

ती कॅसेट माझ्या घरी टीव्हीवर पडून होती. तो नमाजाला गेला असताना मीच ती फळीवरून उचलून नेली होती; सांगायचं राहून गेलं होतं. आत्ता सांगता आलं असतं. पण चार लोकांत लाज वाटली आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ती त्याला परत नेऊन दिली. त्याने ती फळीवर ठेवली. मी मागितलेला दुसरा सिनेमा त्याने काढला आणि एका हाताने माझ्यापुढे धरला.