औंढ्याची नोकरी

औंढ्याजवळ अवकाशातल्या लहरी टिपणारी वेधशाळा बांधायला घेतली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. मी अवकाशातल्या अणूंवर काम करते, तेही परदेशात. दर दोन-तीन वर्षांनी नवा करार, नवं शहर, पुन्हा भांडीकुंडी. पण इकडे आमच्या गावी, कुरुंद्यात, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परस्पर जाहीर करून टाकलं होतं, "लेक आता औंढ्यालाच येनार."

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत सुट्टीवर आले, तर जो तो विचारतोय, "कवा हजर होऊन राहिली बाई?" किराणावाल्यानं तर पेढे मागितले. अरे, कसली नोकरी अन् कसले पेढे! त्यांचं काम वेगळं, माझं वेगळं. दाताच्या डॉक्टरला बाळंतपणाला बोलावण्यातला प्रकार. त्यात आणखी एका लांबच्या विद्यापीठाचा प्रस्ताव आला होता आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. अन्न गोड लागेना, एका जागी बसवेना. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागली का काय तुझ्या?"

शेवटी शेत गाठलं. आबा शिजलेली हळद वाळायला पसरत होते. मी गेल्या गेल्या भडकले.

"आबा, तिथं लहरी मोजतात. मी लोखंडाचा अणू बघते. ताऱ्यांभोवतीच्या तापलेल्या वायूत त्याचे इलेक्ट्रॉन सुटून जातात. पुन्हा एखादा येऊन चिकटला की उजेड निघतो. असा इलेक्ट्रॉन किती लवकर येऊन चिकटतो, याचं गणित मी करते. औंढ्यात मला कोण घेणार?"

त्यांचा हात थांबला नाही. "सुटलेला वापस त्याच घरी येतो व्हय?"

"त्याच अणूकडे येईल असं नाही. जवळ जो सापडेल त्याला चिकटतो."

बोलून गेले आणि जीभ चावली.

"मला ठावं हाय," आबा म्हणाले. "तिथल्या एका साहेबाला मागंच इचारलं व्हतं मी. तो म्हनला, तुमच्या लेकीचं काम इथं न्हाई."

"मग गावभर काहून सांगून राहिले तुमी?"

"लोक इचारतेत, लेक कवा येनार. न्हाई येनार, असं तोंडातून निघत न्हाई माय."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला. खाली बसून त्यांच्यासोबत हळद पसरू लागले.

सोमवारी पिवळ्या बोटांनीच त्या लांबच्या विद्यापीठाला होकार टाइप केला. आबांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि बैलांकडे गेले.

निघायच्या दिवशी बस स्टँडवर किराणावाला भेटलाच. "काय बाई, औंढ्याला कवा?"

आबा माझी बॅग धरून दुसरीकडेच बघत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले.

"येनार ना काका. जरा येळ लागून राहिला."