मामाची पाठ आणि सायलीची केळवणं

जिमला जाऊन माझं पोट तसूभर कमी झालं नाही, पण किस्से मात्र अंगावर चढले! पन्नाशीत इंदिरानगरच्या त्या जिममध्ये मी हौसेनं गेलो नव्हतो. भाची सायली लहानपणापासून आमच्याच घरी वाढली. तिचं लग्न ठरलं. नवरीला मामानं उचलून बोहल्यावर न्यायचं, ही आमच्याकडची रीत. आणि माझी पाठ वर्षभर धरलेली! तिची आई, म्हणजे माझी ताई, म्हणाली, "नाही जमलं तर चुलतमामा उचलेल." झोपच उडाली माझी.

*

पहिल्याच दिवशी लॅट पुलडाउनवर बसलो. वरचा दांडा छातीकडे ओढायचा. आधीच्या पैलवानानं वजनाची पिन पार तळाला लावलेली. मी जीव खाऊन ओढलं. दांडा हलेना, मीच सीटवरून वर!

शेजारच्या मशीनवर पंचवटीत फुलं विकणारे नाना होते. म्हणाले, "मामा, घाबरू नको. काय झालंच, तर हार आपल्याकडून!"

*

ट्रेनर रोहित सटाण्याचा. गोड बोलून जीव घेतो. "शेवटचं, मामा!" म्हणतो. आपण सुटलो म्हणून श्वास टाकावा, की लगेच, "अजून एक!"

मला स्कूटीवर सोडायला येणारी सायली दारातूनच ओरडायची, "मामा, अजून एक!" घरी ताटात पोळी वाढतानाही तेच.

*

खंडेनवमीला सगळ्या मशीनना झेंडूचे हार घातले. आज हत्यारांना आराम, हात लावायचा नाही! मी वैतागलो. लग्न तोंडावर आलंय आणि सुट्टी कसली घेता? नानांनी शांतपणे माझा टी-शर्ट वर केला आणि पाठीला हळद-कुंकू लावलं.

"खरं हत्यार हे हाय. हिला पण आराम दे."

*

मग केळवणं सुरू झाली. रोज कुणाकडे तरी जेवण, रोज गोडधोड. सायली पुरणपोळी खायची आणि कळ माझ्या पाठीत यायची! एकदा न राहवून विचारलं, "वजन किती गं तुझं?" बाई रुसल्या, रात्री जेवल्याच नाहीत. मी घाबरून तूप घेऊन मागे लागलो. "खा गं माझे आई, मी बघतो माझं!"

*

लग्नाला जिमची अख्खी बॅच फेटे बांधून हजर. चुलतमामा बाह्या सरसावून उभेच! मी पुढे झालो. मागून रोहित पुटपुटला, "मामा, पाठ सरळ. गुडघ्यातून वाका."

उचललं. खरंच उचललं! बोहलं दहा पावलांवर, पण पंचवटीहून सटाण्याला चालत निघालोय असं वाटलं. ताई रडत होती, नाना देवाचं नाव घेत होते.

पोचलो एकदाचा. हळूच म्हणालो, "उतर बाळा, आलं."

सायलीनं गळ्यातले हात काढलेच नाहीत. डोळे भरलेले.

"मामा," ती कानात म्हणाली, "अजून एक."