तोंडावरची शिफारस

आमच्या बाई दगड चाटायच्या. भूशास्त्र विभागात नवी आलेली मुलं पहिल्याच सहलीत हे बघून एकमेकांना कोपर मारायची. बाईंना त्याचं काही नसे. "ओला केल्याशिवाय दगडातले कण दिसत नाहीत. पाणी तर तुम्ही सगळं पिऊन टाकलं," असं म्हणून तोच दगड त्या हसणाऱ्याच्या हातात द्यायच्या. वर्षअखेर आम्हीही बिनदिक्कत चाटायला लागलो होतो.

त्यांची दुसरी रीत मात्र भल्याभल्यांना जड जायची. बाई कुणाबद्दल पाठीमागे बोलत नसत, ना चांगलं, ना वाईट. शिफारस मागायला गेलं की म्हणायच्या, "मी फोनवर सांगेन ते समोर बसून ऐकायचं. कबूल असेल तर दे माझं नाव." आपल्या उणिवा आपल्याच कानांनी ऐकायला कोण जातंय? क्रांती चौकात चहा पिता पिता पोरं दुसऱ्या एका सरांचं नाव पक्कं करायची. ते सर सरसकट सगळ्यांना गुणी म्हणायचे.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत भूजलावर काम करायची जागा निघाली, तेव्हा मी बाईंचंच नाव दिलं. गावी, पिशोरला, दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच बजावलं होतं, "लई झालं शिक्षण. ही जागा मिळाली तर खुशाल जा, नाय तर औंदा लग्न उरकून टाकू." स्थळही बघून ठेवलं होतं.

त्यात माझं आणि बाईंचं नुकतंच वाजलेलं. बाईंनी तरुणपणी केलेल्या नकाशात दोन काळ्या खडकांमधला लाल मातीचा थर आमच्या नाल्यापाशी संपत होता. मला तो नाल्यापलीकडच्या विहिरींतही दिसत होता. सांगायला गेले तर बाईंनी हाकललं. पुन्हा गेले, पुन्हा हाकललं. "इतकी वर्षं मी हाच नकाशा शिकवतेय. तुलाच तेवढं दिसायला लागलं व्हय?" माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "मग तुम्हीच उतरून बघा, बाई." बाई तडक पिशोरला आल्या. उन्हाळ्यानं विहीर आटली होती. त्यांनी पदर खोचला, दोर धरला आणि उतरल्या. खाली चिमूटभर लाल माती जिभेला लावली. वर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "चल, ऊन झालंय."

पुण्याचा फोन आला तेव्हा मी ठरल्याप्रमाणे समोर बसले होते. बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडच्या सरांनी विचारलं, "मुलीत कमी काय आहे?"

"इंग्रजी कच्चं आहे. उतावळी आहे. आणि लई हट्टी," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. झालं, आता बोहल्यावर उभं राहायचं.

"हट्टी म्हणजे?"

"माझा नकाशा चुकलाय म्हणाली. मी दोनदा हाकलून दिलं, तरी ऐकलं नाय. मला विहिरीत उतरवलं. सर, नकाशा खरंच चुकलेला आहे. उद्या तुमचं चुकलं तर ही गप्प बसायची नाय. चालत असेल तर घ्या. नाय तर मी तिला दुसरीकडे पाठवीन, पण घरी बसू देणार नाय."

फोन ठेवल्यावर मला रडूच फुटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मी काय उपकार नाय केले. तू कुठं चुकलीस की पहिला फोन माझा येईल, ध्यानात ठेव."

जागा मिळाली. दादा स्टँडवर सोडायला आले, आणि त्या स्थळाचं नाव पुन्हा कधी घरात निघालं नाही. बाईंनीही शब्द पाळला. निवृत्त झाल्या तरी माझं काही छापून आलं की फोन ठरलेला. "वाचलं. तो उतार पुन्हा मोज." मी चिडायची, भांडायची आणि मग मुकाट मोजायला जायची. बहुतेक वेळा बाईंचंच बरोबर निघायचं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या.

यंदा मी केलेला पिशोरचा नवा नकाशा छापून आला. दिवसभर फोन येत होते आणि जो तो छान झालाय म्हणत होता. संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. चूक काढणारा फोन काही आला नाही. इतकं पोरकं मला आई गेली तेव्हाच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशोर गाठलं, दोर बांधला आणि पहिल्या विहिरीपासून चुका शोधायला लागले.