सिव्हिलवाल्याचा खरा पगार

बातमी छापली की संपते, किस्सा मात्र साठत जातो. जालन्यात इतकी वर्षं बातमीदारी केली, संपादकांनी कापून टाकलेलं सगळं माझ्याकडेच पडून आहे! त्यातला सगळ्यात मोठा ढीग सिव्हिल इंजिनिअर लोकांचा. आमच्या ऑफिसखाली बाबूभाईंचं हॉटेल आहे. साइटवर जायच्या आधी ही मंडळी तिथं चहाला जमते आणि आमची गप्पांची भट्टी पेटते.

यंदा या ढिगात भर घातली वाटूरच्या साळवे सरांनी. सर शाळामास्तर, माझे जुने मित्र. मुलगी प्रज्ञा हिला सिव्हिलला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाचा फॉर्म भरून तयार होता, शुक्रवारपर्यंत फक्त बापाची सही हवी होती. सर सहीला अडले.

"जयभीम! जगाला प्रश्न विचारत हिंडता," सर मला म्हणाले, "एक माझ्यासाठी विचारा. सिव्हिलवाला कमावतो किती? आणि त्यात कर्ज फिटतं का?"

*

बाबूभाईंकडे पहिला धरला तो टेंभुर्णीचा विशाल, एका ठेकेदाराकडचा सिव्हिल इंजिनिअर. "काय रे, पगार किती तुझा?"

त्यानं कप खाली ठेवला. "कोणाला सांगायचाय काका? बँकेला, का सोयरिकीला?"

"वेगवेगळा असतो?"

"बिलकुल! बँकेला सांगतो त्यात पोट भरत न्हाई. सोयरिकीला सांगतो त्यात बंगला होतो."

"आणि खरा?"

"खरा मलाच कळंना! ठेकेदार दर महिन्याला नवाच देऊन राह्यला."

*

सर म्हणाले, मंग कॉलेजातच विचारू. गेलो. गेटवरच भला मोठा बोर्ड : वर्षाला बारा लाखांचं पॅकेज! खाली टाय लावलेल्या पोराचा फोटो. तो बघितला आणि माझं डोकंच सटकलं. हा पोरगा रोज बापाच्या सळईच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला असतो. घर बांधलेला कोणीही माणूस त्याला ओळखेल!

मी आत जाऊन आवाज चढवला. प्लेसमेंटचे सर जराही हलले नाहीत.

"बांधकामाचंच सामान विकतो ना? मंग लागला की लायनीला!"

"अहो, पण पॅकेज त्याच्या बापानं दिलंय!"

"फोटो तर आम्ही काढलाय!"

*

हसनाबादचा गणेश साइट इंजिनिअर आहे. बाबूभाईंकडच्या आमच्या गटात खरं बोलणारा तो एकटाच. पगार चौदा हजार, कर्जाचा हप्ता आठ हजार. उरलेल्यात खोली, डबा आणि पेट्रोल. महिना संपता संपत नाही, तेव्हा तो साइटवरच्या सलीम मिस्त्रीकडून उसने घेतो. मिस्त्रीची महिन्याची मजुरी गणेशच्या पगाराच्या बरीच वर जाते. पण मजुरांसमोर तो गणेशला 'साहेब' म्हटल्याशिवाय बोलत नाही.

सरांनी मिस्त्रीला विचारलं, "मंग पैसे परत कधी मागता?"

"मजूर घरी गेल्यावर! चारचौघांत साहेबाकडं मागणं बराबर दिसत न्हाई. डिग्रीची काही इज्जत हाय का न्हाई, सर?"

गणेशची मान ताठ झाली. "ऐकलं ना सर? डिग्रीचा उपयोग न्हाई, असं पुन्हा कोणी म्हणायचं न्हाई!"

*

विशालच्या सोयरिकीला मी मध्यस्थ म्हणून गेलो होतो. पोहे आले, पाठोपाठ मुलीच्या वडिलांचा प्रश्न आला. विशालनं बेधडक सांगून टाकलं, "पन्नास हजार. वरून पेट्रोलचा खर्चा कंपनीचा!"

कोपऱ्यात मुलीचे मामा मन लावून पोहे खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मी बँकेत वसुलीला असतो. मागच्या महिन्यात हप्त्यासाठी फोन केल्ता तेव्हा तुम्ही बारा सांगितल्ते."

मी तर चपला कुठं काढल्या ते आठवू लागलो.

मामांनी बशी पुन्हा उचलली. "खोटं बोलायचं तर सगळीकडं सारखं बोलावं, जावईबापू!"

लग्न जमलं. का जमवलं, असं पुढं मी मामांना विचारलं. म्हणाले, "एक कर्जदार तरी कायमचा सापडला!"

*

गुरुवारी सर प्रज्ञाला घेऊनच बाबूभाईंकडे आले. फॉर्म हातात होता. सही अजून नव्हती.

विशालनं सुरुवात केली. "सर, पाया पडतो, पण सिव्हिल नको. माझा हप्ता लग्नाच्या वरातीत पण माझ्यासंगं नाचणार हाय!"

गणेश म्हणाला, "मी तर वैऱ्याच्या पोरीला पण सिव्हिल घे म्हणून न्हाई सांगणार."

मीही जोर लावला. कॉलेजचा बोर्ड, सळईचं दुकान, सगळं तावातावानं ऐकवलं. सरांनी फॉर्मची घडी घातली. "ऐकलं ना, बाळा? आता घरी चल."

प्रज्ञा उठली नाही. तिनं गणेशला विचारलं, "दादा, एवढं वाईट हाय तर तुम्ही सोडून का देत न्हाई?"

"अगं, उद्या स्लॅब टाकायचाय! सोडून कसं चालंल?"

सगळे हसले. प्रज्ञा हसली नाही. ती सरांकडे वळली.

"पप्पा, तुमची शाळा विनाअनुदानित होती. तुम्हाला पहिला पगार कधी मिळाला?"

सर चहात बघत म्हणाले, "तू चौथीत गेल्ती तेव्हा."

"मंग तोवर रोज शाळेत कशापायी जात होते?"

सर जरा चिडलेच.

"कशापायी म्हंजे? घंटा व्हायची ना!"

सरांनी घडी उलगडली, टेबलावर सांडलेला चहा बाहीनं पुसला आणि विशालच्या खिशातला पेन काढून घेतला.