तारीख गेलेली पावडर

“अहो, ह्या डब्यावरची तारीख कधीच गेलीय!” पाहुण्या बाई म्हणाल्या. पुण्याच्या. माशांचं कालवण कसं करतात ते बघायला मागल्या दारी आल्या होत्या.

त्याच डब्यातली ताकदीची पावडर मी दुधातून पीत होते. पेला अर्धा झाला होता.

काकी हसल्या. पाहुण्यांसमोर त्यांची शुद्ध मराठी. “ह्यांना काय होतंय? ह्यांच्या पोटात दगडसुद्धा जिरतात.”

पाहुण्याही हसल्या. मला सहावा महिना होता.

काकींनी समुद्राकाठच्या घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात. मी तिथे मासे साफ करायची, घावणे काढायची. आदलं मूल पोटातच गेलं, तेव्हा ह्याच काकी माझ्या गळ्यात पडून रडल्या. म्हणून माझा जीव त्यांच्यावर. मेला जीव!

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी मळमळायचं. एकदा पाहुण्यांच्या पंगतीतच ओकारी आली. काकी म्हणाल्या, “सोड त्या गोळये. पोर काळा जाता त्यांनी. ही पावडर घी, म्हागाची आसा.” मी सोडल्या. शिकलेली बाई खोटं कशाला बोलेल?

पाहुण्या गेल्यावर विचारलं, “काकी, तुमका म्हायत होता?”

“फुकट गेली असती गो. आमच्या सुनेक कशी देव ती?”

त्यांची सूनही पोटुशी होती. पेला मोरीत ओतला.

“माज्याय पोटात पोरच आसा, काकी,” म्हटलं आणि तशीच चालू पडले.

उपकेंद्रात तपासलं, रक्त फार कमी भरलं. “गोळये कित्याक सोडलंस गो?” नर्सबाई ओरडल्या. काकींचं नाव घ्यायची मलाच लाज वाटली. आता मळमळलं तरी गोळी गिळते. ओकते, पुन्हा जेवते.

सातव्यात काकी दारात. हातात साडी, नारळ, तांदूळ. “ओटी भरूक इलंय. आणि गो, सीझन सुरू झालो, कामाक कोण गावना नाय.”

सासूबाई कानाशी कुजबुजल्या, “पदर पसर. भरलेली ओटी कोण परतवता?”

मी परतवली. पदर कमरेला घट्ट खोचला आणि उंबऱ्यात उभी राहिले. आत येऊ दिलं नाही.

पोटातलं वाचेल की नाही, मला ठाऊक नाही. पण वाचलं तर दुसऱ्याच्या सुनेला चालत नाही ते माझ्या लेकराच्या तोंडात जाणार नाही. कुणी कितीही गळ्यात पडून रडू दे.